पहिल्या इमर्जन्सीआधीचे पंधरा दिवस

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या शल्यचिकित्सकांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर दोन कामं केली. शस्त्रक्रिया केल्या आणि शस्त्रक्रिया करणारी माणसं घडवली. पहिल्या कामाविषयी त्यांचे रुग्ण आजही बोलतात. दुसऱ्या कामातला एक छोटा, पण सतत मागे पडणारा भाग मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. एमएस जनरल सर्जरीला प्रवेश मिळालेला मुलगा किंवा मुलगी शासकीय रुग्णालयाच्या वॉर्डात पहिलं पाऊल टाकते, तेव्हाचे पंधरा दिवस हा माझा विषय आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नव्या निवासी डॉक्टरची तयारी करून घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. तो हक्क आपण आज योगायोगावर सोडून दिला आहे. कुणाला चांगला सीनियर भेटला तर तो शिकतो, नाही भेटला तर रुग्णांवर चाचपडत शिकतो. हे थांबलं पाहिजे आणि ते थांबवायला फार मोठा खर्च लागत नाही.

वॉर्डात येतं कोण, ते आधी पाहू. साडेचार वर्षांचं एमबीबीएस, एक वर्षाची इंटर्नशिप आणि मग नीट-पीजी. साडेतीन तास, २०० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. दोन लाखांहून अधिक परीक्षार्थींतून सर्जरीची जागा मिळवायची म्हणून अनेक जण इंटर्नशिपनंतर एक वर्ष, कधी दोन वर्षं अभ्यासिकेत बसतात. या काळात वर्गीकरणं आणि औषधांचे डोस मुखोद्गत होतात. पण सलाइनची सुई शिरेत घातलेली नसते, टाका घातलेला नसतो, रात्री दोन वाजता घाबरलेल्या बापाशी बोलणं झालेलं नसतं. म्हणजे ज्या दिवशी आपण त्यांच्या हातात वॉर्ड देतो, त्या दिवशी ज्ञानाने ते भरलेले असतात आणि हात मात्र वर्षभर रिकामा राहिलेला असतो. ही मुलं आळशी नाहीत. आपली निवडपद्धतच त्यांना रुग्णापासून दूर नेऊन परत आणते.

त्यात प्रवेशप्रक्रिया लांबते. २०२१ सालची नीट-पीजी करोनामुळे दोनदा पुढे ढकलली गेली. शेवटी ती सप्टेंबरमध्ये झाली आणि समुपदेशन सुरू व्हायला २०२२चा जानेवारी उजाडला. त्यासाठी डिसेंबरमध्ये निवासी डॉक्टरांना रस्त्यावर यावं लागलं. ते काही महिने देशभरच्या शिक्षण रुग्णालयांत पहिल्या वर्षाची नवी तुकडीच नव्हती. अशा टंचाईनंतर नवे डॉक्टर येतात, तेव्हा वरच्या वर्षांतले सीनियर त्यांची चातकासारखी वाट पाहत असतात. सकाळी कागदपत्रं जमा, दुपारी युनिट ठरलं आणि त्याच रात्री युनिटची इमर्जन्सी असेल तर त्याच रात्री ड्युटी. हॉस्टेलची खोली मिळालेली नसते, बॅग वॉर्डातल्या कपाटामागे पडलेली असते.

नागरिकांना वाटतं, सर्जरीचा निवासी म्हणजे हातात सुरी. ती फार पुढे येते. पहिल्या वर्षाच्या निवासीला, मुंबईकडची जुनी मंडळी ज्याला अजून हाउसमन म्हणतात त्याला, पहाटे पाचला वॉर्डात यावं लागतं. रक्ताचे नमुने, ड्रेसिंग, ड्रेनमध्ये काय आणि किती आलं, लघवी किती झाली, कुणाची रायल्स ट्यूब काढायची, कुणाला घोटभर पाणी सुरू करायचं, हे सगळं राउंडच्या आत झालेलं हवं. मग ओपीडी किंवा ओटी. सीटी स्कॅनचा नंबर, रक्तपेढीची चिठ्ठी, भूलतज्ज्ञांकडून फिटनेस, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं, डिस्चार्ज कार्डं. इमर्जन्सीच्या दिवशी यावर अपघात, भाजलेले रुग्ण, पोट फळीसारखं ताठ झालेला परफोरेशनचा, म्हणजे आतड्याला छिद्र पडलेला रुग्ण, पाय सुजून काळा पडत चाललेला मधुमेही. यातलं प्रत्येक काम शिकवून येतं. पण शिकवायची वेळ कुणी राखून ठेवलेली नसते.

आपल्या परंपरेत ही वेळ राखून ठेवलेली होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय केवळ सरावासाठी आहे. शास्त्र कितीही वाचलं असलं तरी सराव न केलेला शिष्य कर्माला अपात्र, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. आणि नुसतं म्हणून सोडलेलं नाही. छेद कोहळा, दुध्या, काकडी यांवर घ्यायचा. पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर भेदन शिकायचं. मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ यांवर वेध, कीड लागलेल्या लाकडावर आणि बांबूवर शोधन, फणस-बेलाच्या गरातून बिया काढत आहरण. टाके जाड्या-पातळ कापडांच्या काठांवर आणि मऊ कातड्यावर घालायचे. पट्ट्या बांधायला माणसाच्या आकाराचा पुतळा. प्रत्येक कर्माला त्याच्या गुणाचं साहित्य निवडलेलं आहे. सुश्रुताचं नाव घेऊन आपण परिषदांची उद्घाटनं करतो, प्रांगणात पुतळे उभारतो. त्याचा हा नववा अध्याय वॉर्डाशेजारच्या खोलीत अमलात आणणं हा त्याचा खरा गौरव होईल.

त्या खोलीत आज काय हवं? फोमचे तुकडे, ओटीतून मुदत संपलेले टाक्यांचे धागे, मटणाच्या दुकानातून आणलेली बकऱ्याची आतडी, कोंबडीची कातडी, जुनी नीडल होल्डर आणि चिमटे, कॅथेटर व ड्रेन यांचे नमुने आणि एक पुतळा. गाठ शंभरदा मारावी लागते. एका हाताने, दोन हातांनी, हातमोजे घालून, ओल्या धाग्यावर. चौकोनी गाठ आणि घसरणारी गाठ यांतला फरक बोटांना कळला पाहिजे, कारण रक्तवाहिनीवरची गाठ घसरली तर ती रात्री वॉर्डात घसरते. छातीत नळी घालताना बरगडीच्या वरच्या काठावरून जायचं, कारण रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू खालच्या काठाने जातात. हे वाक्य प्रत्येकाला पाठ असतं. अंधुक उजेडात, धापा टाकणाऱ्या माणसाच्या कुशीवर ते बोटांना आठवावं लागतं.

हातांइतकीच डोळ्यांची तयारी. शस्त्रक्रियेनंतर आत रक्तस्राव होत असलेला तरुण रुग्ण बराच वेळ रक्तदाब टिकवून धरतो. आधी वाढते ती नाडी, मग श्वास, मग हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. रक्तदाब कोसळेपर्यंत थांबलेला डॉक्टर उशिरा पोहोचलेला असतो. ६० किलो वजनाच्या माणसाला तासाला साधारण ३० मिली लघवी व्हायलाच हवी, त्याहून कमी होत असेल तर कारण शोधायचं. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा, अंदाजाने १८ लिहायचा नाही. नव्या निवासीला वॉर्डातून फिरवून एकच प्रश्न विचारावा. या ३० खाटांपैकी रात्री पहिली काळजी कुणाची? हा प्रश्न रोज विचारला तर त्याची नजर पंधरवड्यात बदलते.

तिसरी तयारी जिभेची. शासकीय महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर जागांपैकी ५० टक्के अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. राजस्थान, केरळ, बिहार, तेलंगणातून मुलं मिरजेला, नागपूरला, अंबाजोगाईला येतात. ती मेहनती असतात, लवकर मराठी शिकतातही. पण पहिल्या रात्री म्हातारी सांगते, 'पोटात मुरडा येतोय, उमासे येतात, काल सांजच्यापास्नं वारा सरला नाही', तेव्हा आतडं अडल्याचं अख्खं निदान तिने सांगून झालेलं असतं आणि ऐकणाऱ्याला ते कळलेलं नसतं. दहा दिवस रोज अर्धा तास वॉर्डातली मराठी शिकवली तर हे टळतं. शिकवायला सिस्टर आहेत, वॉर्डातले मामा आणि मावशी आहेत, समाजसेवा अधीक्षक आहेत. त्यांना शिक्षक म्हणून सन्मानाने बोलवावं. त्यातून भाषा तर येतेच, पण वॉर्ड कुणाच्या जिवावर चालतो हेही नव्या डॉक्टरला पहिल्याच आठवड्यात समजतं.

नातेवाइकांशी बोलणंही शिकवावं लागतं. 'पेशंट सीरियस आहे' एवढंच उभ्याउभ्या सांगून निघून जाणं म्हणजे बोलणं नव्हे. बसून बोलायचं, आपलं नाव सांगायचं, काय झालं आहे, आता काय करणार आहोत, पुढे काय होऊ शकतं ते साध्या शब्दांत सांगायचं आणि त्यांचे प्रश्न ऐकायचे. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० साली कायदा झाला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कायदा हवाच. पण रात्री अपघात विभागात उभ्या असलेल्या घाबरलेल्या कुटुंबाला वेळेवर मिळालेली माहिती अनेकदा त्या कायद्याच्या आधी कामाला येते.

आता एक अवघड गोष्ट. मदत मागणं. आपल्याकडे रात्री सीनियरला उठवणं म्हणजे कमकुवतपणा, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती रुग्णाच्या जिवावर बेतते. फोन कसा करायचा, हेसुद्धा शिकवता येतं. 'सर, बेड नंबर बारा. काल परफोरेशनचं ऑपरेशन झालेला, चाळीस वर्षांचा. नाडी १३०, श्वास ३०, दोन तासांत लघवी २० मिली, पोट फुगलंय. मला रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग वाटतो. सलाइन वाढवलंय, रक्त मागवलंय. आपण येऊन पाहावं.' अर्ध्या मिनिटाचा फोन. कोण, काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. हे वाक्य पंधरा दिवसांत वीसदा म्हणून घ्या. आणि सीनियरांनो, तुम्ही एकच वचन द्या : ज्युनियरने बोलावलं तर मी जाईन आणि पुढे कारण किरकोळ निघालं तरी त्याच्यावर ओरडणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ वर आलं, मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर. या यादीत एक साधी अट आहे. छेद घेण्याआधी टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. त्यामुळे सगळ्यात नव्या माणसाचाही आवाज त्या खोलीत एकदा उमटतो. मला वाटतं, ही यादी मोठ्याने वाचण्याचं काम पहिल्याच आठवड्यात नव्या निवासीकडे द्यावं. बाजू उजवी की डावी, ॲलर्जी आहे का, रक्त तयार आहे का, शेवटी मॉप मोजले का. प्राध्यापकांनाही थांबवून हे विचारण्याचा अधिकार त्याला पहिल्या दिवसापासून आहे, हे त्याला त्यातून कळेल.

त्याच्या स्वतःच्या जिवाचंही पाहिलं पाहिजे. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस झाले आहेत का आणि प्रतिपिंडं तयार झाली आहेत का, हे रुजू होतानाच तपासावं. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. सुई टोचली तर जखम पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि ताबडतोब कळवायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो पहिल्या दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. ते रात्री तीन वाजता कोणत्या कपाटात असतं, किल्ली कुणाकडे असते, हे पहिल्या दिवशी हाताला धरून दाखवलं पाहिजे. टोचलेली सुई लपवणारे निवासी मी पाहिले आहेत. राउंड चुकेल, ओरडा बसेल, या भीतीने ते लपवतात.

आता झोपेविषयी. आधुनिक निवासी पद्धतीचा पाया विल्यम हालस्टेड यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात घातला. ते रुग्णालय १८८९ साली सुरू झालं. निवासींनी रुग्णालयातच राहावं, जबाबदारी पायरीपायरीने वाढावी, ही त्यांची देणगी मोठी आहे. पण रात्रंदिवस काम म्हणजेच निष्ठा, हा समजही त्याच वाटेने आपल्यापर्यंत आला. १९८४ साली न्यू यॉर्कमध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत दगावली आणि निवासींच्या कामाच्या तासांचा प्रश्न उभा राहिला. त्या राज्याने १९८९ साली आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. २००३ साली ती अमेरिकाभर लागू झाली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या १९९२ सालच्या निवासी योजनेत कामाचे तास सामान्यतः आठवड्याला ४८ आणि सलग १२ सांगितले आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२४ सालच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये असं सुचवलं. सर्जरीच्या वॉर्डात सलग ३६ तास उभी असलेली मुलं या सभागृहातही बसली आहेत.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं की सलग २४ तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.१० टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो. आपल्या मोटार वाहन कायद्याने चालकाला ०.०३ टक्क्यांची मर्यादा आहे. ज्याच्या हातात आपण गाडी देणार नाही, त्याच्या हातात रुग्णाची शीर देतो. कोलकात्यात ऑगस्ट २०२४मध्ये लांबलेल्या ड्युटीत थोडं टेकायला सेमिनार हॉलमध्ये गेलेल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. सुरक्षित, कडी लागणारी, स्वच्छतागृह असलेली विश्रांतीची खोली ही प्रशिक्षणाची पूर्वअट मानली पाहिजे.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या त्याच कृतिदलाच्या ऑनलाइन पाहणीत पाच हजारांवर पदव्युत्तर विद्यार्थी सहभागी झाले. त्यांतल्या ३१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचा विचार येऊन गेला होता. मे २०१९मध्ये मुंबईत निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी आत्महत्या केली आणि जातीवरून छळ झाल्याच्या आरोपांवर खटला उभा राहिला. महाराष्ट्राने हे विसरू नये. जात, भाषा, कोट्यातून मिळालेली जागा, बाईपण यांवरून नव्या निवासीला टोमणे मारणं म्हणजे रॅगिंग आहे आणि तो गुन्हा आहे. सर्जन कणखर हवा म्हणून त्याला अपमान सोसायला लावायचा, हे मला मान्य नाही. अपमानाने माणूस बोलायचा थांबतो आणि न बोलणारा ज्युनियर हा वॉर्डातला सगळ्यात मोठा धोका असतो.

दुसऱ्या देशांनी काय केलं? इंग्लंडमध्ये नवे डॉक्टर ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी रुजू होतात. तिथल्या संशोधकांनी २००० ते २००८ या काळातल्या नोंदी तपासल्या. त्या बुधवारी तातडीने दाखल झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता आधीच्या बुधवारच्या मानाने ६ टक्के अधिक आढळली. २०१२पासून तिथे नव्या डॉक्टरांनी रुजू होण्याआधी किमान चार दिवस, पगारासह, मावळत्या डॉक्टरबरोबर सावलीसारखं फिरणं सक्तीचं झालं. आपल्याकडेही एमबीबीएसच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी २०१९पासून फाउंडेशन कोर्स आहे. जो मुलगा पुढची काही वर्षं रुग्णाची जबाबदारी घेणार नाही, त्याच्यासाठी आठवडे राखून ठेवले आहेत. जो उद्या पहाटे रुग्णाच्या पोटावर हात ठेवणार आहे, त्याची बोळवण बहुतेक ठिकाणी एखाद्या दिवसाच्या भाषणांवर होते.

म्हणून माझी मागणी पंधरा दिवसांची आहे. पहिले तीन दिवस रुग्णांची जबाबदारी नाही. खोलीची किल्ली, लसीची तपासणी, रक्तपेढी, सीटी स्कॅन, अपघात विभाग, शवागार आणि वॉर्ड ते ओटी हा रस्ता पायी, दिवसा आणि रात्री. पुढचे पाच दिवस सकाळी सरावाची खोली, दुपारी नोंदी, संमतिपत्र, एमएलसीची (पोलिसांत नोंद होणाऱ्या प्रकरणांची) कागदपत्रं, फोन आणि भाषा. त्यानंतरचे सहा दिवस वॉर्डात, पण सीनियरच्या बरोबर, त्यात किमान दोन रात्री. शेवटच्या दिवशी परीक्षा. पुतळ्यावर छातीची नळी, आतड्यावर टाके, एक फोन, नातेवाइकांशी एक संभाषण. सीनियर आणि युनिटप्रमुख दोघांनी सही केल्यावरच इमर्जन्सीची यादी. ज्याला आणखी चार दिवस लागतील, त्याला ते न हिणवता द्यावेत.

यावर पहिला आक्षेप येतो तो माणसं कमी असण्याचा. तो खरा आहे, मी त्याच टंचाईत नोकरी केली. पण एमएसची तीन वर्षं म्हणजे १,०९५ दिवस. त्यांतले पंधरा मागतो आहे. अर्धी तुकडी प्रशिक्षणात आणि अर्धी सीनियरांबरोबर, असं आलटूनपालटूनही करता येतं. दुसरा आक्षेप आमच्या पिढीचा असतो : आम्हाला कुणी शिकवलं होतं? आपण शिकलो, हे खरं. त्या शिकण्याची किंमत कोणत्या रुग्णांनी मोजली, याचा हिशेब मात्र कुणी ठेवलेला नाही.

अधिष्ठाता आणि विभागप्रमुखांना माझी विनंती आहे, शासनाच्या आदेशाची वाट पाहू नका. सरावाची खोली आणि पंधरा दिवसांचं वेळापत्रक तुमच्या सहीने सुरू होऊ शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या निवासींनो, तुम्हाला जे सोसावं लागलं ते पुढच्या तुकडीला देऊ नका, तुम्हाला जे येतं ते द्या. आणि नागरिकहो, रुग्णालयाला देणगी द्यायची असेल तर दारावर नाव कोरलेल्या बाकाऐवजी या खोलीसाठी द्या. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात नव्या डॉक्टरांना कोण, कधी आणि किती दिवस शिकवतं, हा प्रश्न अभ्यागत समितीत आणि लोकप्रतिनिधींना विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. पुढची तुकडी येण्याआधी ते उत्तर मिळालं पाहिजे.